घोड्यासारखं काळीज

"मशीनला काय कळतंय? आईने स्वतः ऐकलंय," थोरले दीर म्हणाले आणि विषय संपल्यासारखा त्यांनी कप खाली ठेवला.

सून बॅग भरत राहिली. पोटातल्या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलटसुलट जोडल्या गेल्यात, असं सोनोग्राफीत दिसलं होतं. नाळ आहे तोवर बाळ सुखरूप. नाळ तुटली की निळं पडणार. म्हणून बाळंतपण अशाच इस्पितळात व्हायला हवं, जिथे लहान बाळांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होते. ते इस्पितळ दूरच्या शहरात होतं. तिने तिथे खोलीही घेऊन टाकली होती, कोणाला न विचारता.

त्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं. सासूबाई जन्मभर सुईण. निम्मी गल्ली त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांनी सुनेच्या पोटाला लाकडी नळी लावून ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "घोड्यासारखं पळतंय." झालं! सगळ्यांना तेच ब्रह्मवाक्य मिळालं. सासरे तेच म्हणायचे, जाऊबाई तेच म्हणायच्या. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवले. सासूबाई मात्र त्या दिवसापासून गप्पच होत्या. मोठ्या माणसांनी एकदा सांगितलं की परत कशाला सांगतील, असं घराने गृहीत धरलं होतं.

"एवढ्याशा जिवाची छाती फाडायची?" दीर पुन्हा म्हणाले. "आईच्या शब्दाबाहेर या घरात आजवर कोणी गेलेलं नाही."

"मग मी पहिली," ती म्हणाली आणि बॅगेची चेन खसकन ओढली.

तिला राग आला होता. भीती तर त्याहून जास्त वाटत होती. पण भीतीची परवानगी काढत बसलं तर माणूस उंबरा ओलांडेल कधी? ती निघाली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. दीर खुर्चीत सैलावून बसले. आता बघाच, असा त्यांचा चेहरा झाला.

"आई, बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ते खरं असेल. तरी मी जाणार."

सासूबाईंनी तिच्या हातातली बॅग काढून घेतली. त्यांच्या दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची बॅग होती. मग त्या थोरल्या मुलाकडे वळल्या.

"तुझ्या आधी मला एक झाला होता रे. दुसऱ्याच दिवशी निळा पडून गेला," त्या म्हणाल्या. "पोटात होता तेव्हा त्याचंही काळीज असंच घोड्यासारखं पळत होतं."