मधली जाळी

बेल्ह्याच्या बाजारातून आप्पांनी आमच्या सशासाठी मादी आणली आणि तिला थेट त्याच्या पिंजऱ्यात सोडायला निघाले. मी आडवीच गेले.

"आप्पा, आठ दिवस मधी जाळी लावा! वास वळखीचा झाला की मगच सोडायचं, न्हाई तर चावून रक्त काढत्यात."

"लई शाणी झालीस गं!" आप्पा हसले, पण जाळी लावली.

तिसऱ्या दिवशी मढचे पाहुणे अश्विनीताईला बघायला आले. पोहे संपताच मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाये. उशीर कशाला? आत्ताच सुपारी फोडू."

ताईने मुलाकडे अजून नीट पाहिलंही नव्हतं. शेवटी मी ओरडलेच, "आप्पा, मधी जाळी नको का?"

आप्पांच्या हातातली सुपारी हातातच राहिली.