हेमलताला सांगितलंय

मनीषने पुन्हा दोरी खेचली. इंजिन सुरू झालं, घरघरलं, पण बोट जागची हलली नाही.

"बंद कर," शैलेश म्हणाला. "पंखाच फिरत नाहीये."

"ते मला अर्ध्या तासापासून दिसतंय."

पंख्यात जाळ्याचा तुटका दोर अडकला होता. तो त्यांनी सुरीने कापून काढला, पण आत काहीतरी मोडलं होतं. चौदा फुटांची फायबरची बोट, एकच इंजिन आणि पूर्वेला किनारा म्हणून एक करडी रेघ.

"किती आत आलोय आपण?"

"दहा-बारा किलोमीटर असेल."

"निघताना दोन म्हणाला होतास."

शैलेश सुरी पुसायला लागला.

दोघं एकाच कंपनीत, भूगावला एकाच सोसायटीत. बोट शैलेशची. गेल्या वर्षी त्याने ती जुनी घेतली आणि तेव्हापासून सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण ठरलेलं. आज शनिवार. उजाडायच्या आत बोटीचा ट्रेलर जीपमागे जोडून ते मुळशी, ताम्हिणी करत कोकणात उतरले होते. बंदरावर शंभर प्रश्न विचारतात म्हणून शैलेशने खाडीतला एक ओसाड धक्का शोधून ठेवला होता. तिथे चिटपाखरू नव्हतं.

"सुरमई ठेवायला बर्फाची एवढी मोठी पेटी आणलीस," मनीष म्हणाला, "आणि लाइफ जॅकेट एकच?"

"दुसरं धुऊन बाल्कनीत वाळत घातलं होतं. राहिलं."

"राहिलं! आणि हा नांगर तरी टाक की."

"टाकलाय. तळाला लागत नाहीये. दोर कमी पडतोय."

मनीषने कपाळावर हात मारला. ओहोटी लागली होती आणि बोट गुपचूप बाहेर ओढली जात होती. दोन्ही फोनना रेंज नव्हती. चारच्या सुमारास लांबून एक ट्रॉलर गेला. मनीष टी-शर्ट काढून फडकवत राहिला, शैलेश ओरडून ओरडून घोगरा झाला. ट्रॉलर सरळ निघून गेला. लाटांच्या पांढऱ्या फेसात ही एवढीशी पांढरी बोट कुणाला दिसणार?

"केशरी घ्यायची होतीस," मनीष म्हणाला. "काहीही, पण पांढरी नको होती."

"आता रंगावरून भांडणार आहेस?"

"मग कशावरून भांडू? तूच सांग. यादी मोठी आहे." तो घोटभर पाणी प्यायला. एकच बाटली उरली होती. "निदान कुणाला सांगून तरी निघालायस का?"

"हेमलताला सांगितलंय."

"नक्की?"

"बोट घेऊन जातोय, सहाच्या आत घरी येतो, असं सांगितलंय."

मनीष पहिल्यांदा नीट टेकून बसला. शैलेशची बायको त्याला चांगली माहीत होती. सोसायटीची लिफ्ट चार दिवस बंद राहिली तेव्हा हेमलता बिल्डरच्या घरासमोर खुर्ची टाकून बसली होती आणि संध्याकाळी लिफ्ट चालू झाली होती. स्वतः मनीषने जुईलीला फक्त 'शैलेशबरोबर बाहेर चाललोय' एवढंच कळवलं होतं. ती अकोल्याला माहेरी होती, उद्यापर्यंत तिला काही वाटणारही नव्हतं.

"हेमलता आहे म्हणून," मनीष म्हणाला. "तुझ्यावर राहिलो असतो तर मेलोच होतो."

शैलेश पाण्याकडे बघत होता.

सहा वाजले. सूर्य पाण्याला टेकला. मनीषने घड्याळ दाखवलं. "आता फोन सुरू झाले असतील. पोलीस, कोस्ट गार्ड, कुणालाही सोडायची नाही ती."

"मनीष, ऐक ना. मला एक..."

"सॉरी म्हणू नकोस. पार्किंग अडवलं, सॉरी. चाळीस मिनिटं उशीर, सॉरी. मला आता तुझं काहीही ऐकायचं नाहीये. शोधणारे येईपर्यंत तोंड उघडू नकोस, एवढे उपकार कर."

शैलेशने तोंड मिटलं.

रविवारी उजाडलं तेव्हा करडी रेघही दिसत नव्हती. चारी बाजूंनी नुसतं पाणी. शैलेश गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. मनीषला त्याचा राग आला, मग दयाही आली. त्याने बाटलीतलं शेवटचं पाणी त्याच्यापुढे धरलं.

"रडतोस काय? उजाडलंय. बोटी निघाल्या असतील."

बोटी निघाल्या होत्या. हेमलताने पंधरा मिनिटांच्या वर वाट पाहिली नव्हती. सव्वासहाला तिने पहिला फोन केला, सातला ती पोलीस चौकीत होती आणि फटफटायच्या आत बचाव पथकाच्या दोन आणि गावकऱ्यांच्या तीन बोटी पाण्यात उतरल्या होत्या. ती स्वतः गेणबांच्या होडीत चढून बसली होती. गेणबा इथलेच, साठ वर्षं याच पाण्यावर काढलेले. त्यांनी किती सांगितलं, तरी ती काठावर थांबायला तयार नव्हती.

"लई मोठं पाणी हाय बाई," गेणबा वल्हं थांबवून म्हणाले. "गाडी बी कुटं गावंना. दुसरीकडं कुटं गेलं न्हाईत ना ते?"

"नाही," हेमलता ठामपणे म्हणाली. "समुद्रात बोट घालणार नाही, चालवली तर मुळशीतच चालवीन, अशी माझ्या गळ्याची शपथ घेतलीय त्यांनी. तुम्ही इथेच शोधा."

गेणबांनी मान हलवली आणि तळ चाचपायचा गळ धरणाच्या पाण्यात सोडला.