कडीसकट होडी

हौशी होडीवाल्यांच्या मेळाव्यात शिंपीकाकांच्या होडीला सगळे हसले, कारण तिचा तळ म्हणजे त्यांच्या घराचं जुनं दार होतं, तेही कडीसकट.

"कडी काढली तर भोकांतून पाणी नाही का येणार?" काका फणकारले आणि काकूंना बसवून तळ्याच्या मध्यापर्यंत वल्हवत गेले.

तिथे पायाखाली टकटक झाली.

"मासा असेल," काका म्हणाले.

पुन्हा टकटक झाली. तीनदा, अदबीने, पाहुण्यासारखी.

काकांनी काठाकडे पाहिलं. झाडून सगळे होडीवाले तिथेच चहा पीत होते.

तिसऱ्यांदा टकटक झाली, तेव्हा विणकामातून मान वर न काढता काकू सवयीने म्हणाल्या, "या ना, दार उघडंच आहे!"

काकांनी झटकन कडीवर पाय दाबला. पायाखाली ती हळूच सरकू लागली.