झाकण

पुरात माणसं काढताना शहरातले दोन पोलीस चौकातल्या झाकण नसलेल्या गटारात वाहून गेले. महापौर ताई त्यातल्या एकाच्या घरी, पातूरला, सांत्वनाला आल्या. "त्याच चौकाला तुमच्या मुलाचं नाव देऊ," त्या म्हणाल्या. आई जमुनाबाई मांडीवरची त्याची टोपी पदरानं पुसत राहिल्या. "कपाशीनं दगा देला म्हनून त्याले पोलिसात घातलं होतं, बाई." ताई हात जोडून उठल्या आणि सवयीनं बोलून गेल्या, "येते." मतं मागताना दारोदार हेच म्हटलेलं, पण सुतकाच्या घरातून कोणी 'येते' म्हणून निघत नाही. बसलेल्या बायका चपापल्या. जमुनाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "या ना. पन इथं नोका येऊ. त्या चौकात या, झाकन घेऊन." त्यांनी दारातल्या मुलीकडे पाहिलं. "लेक बी पोलिसातच हाये. तेरवी झाली का तिथंच हिची ड्युटी."