गच्चीवरचं बोलणं

“मला यांच्याशी थोडं एकटीनं बोलायचंय,” वैदेही म्हणाली आणि बैठकीतले पोह्यांचे चमचे एकदम थांबले.

महाडच्या बाजारपेठेत तिच्या बाबांचं, हरिभाऊंचं, भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं काही विचारलं आणि त्यांना उत्तर सुचलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आत्ता मात्र त्यांनी उत्तरासाठी बायकोकडे, विनीताबाईंकडे, बघितलं. घरात केबल आल्यापासून मायलेकी संध्याकाळी मालिका बघतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातून हे असलं काही घरात शिरेल, हे ठाऊक नव्हतं.

“हल्ली सगळीकडे बोलू देतात,” विनीताबाई म्हणाल्या. सगळीकडे म्हणजे टीव्हीवर.

वैदेहीला बघायला आलेला आमोद हा चौथा मुलगा. आधीच्या तिघांचे आवाज कसे होते, हे तिला सांगता आलं नसतं. पसंती-नापसंती बापांनी बापांना कळवली होती. हा मुलगा मूळचा पोलादपूरचा, नोकरी ठाण्याला, स्वतःचा ब्लॉक. हरिभाऊंनी मनातल्या मनात लग्नाचा हॉलसुद्धा ठरवला होता. आणि वैदेहीनं ठरवलं होतं, या वेळी बोलल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

“बोलू द्या की,” आमोदची आत्या चंद्राबाई म्हणाली. “पण बोलतील कुठं? घरात तर पाय ठेवायला जागा नाय.”

गच्ची तेवढी रिकामी होती. म्हणजे माणसांपुरती. जुन्या साड्या अंथरून त्यांवर पापड आणि आमसुलं वाळत घातली होती. वर येताना आमोदनं दारातले बूट पायात चढवले होते. दोघं कडेकडेनं पाण्याच्या टाकीपाशी गेली. आमोदनं एक हात खिशात घातला आणि दुसरा टाकीला टेकवून तो ऐटीत उभा राहिला. टाकी उन्हानं तापली होती. त्यानं हात चटकन काढून घेतला.

“तुमच्या हॉबीज काय?” त्यानं विचारलं.

“वाचन आणि संगीत. तुमच्या?”

“ट्रॅव्हलिंग.”

ठाणे ते पोलादपूर या एस्टीपलीकडे त्याचं ट्रॅव्हलिंग कधी गेलं नव्हतं. तिनं शेवटचं पुस्तक वाचलं ते बी.कॉम.च्या परीक्षेसाठी.

“जोडीदाराकडून काय अपेक्षा?” मग तिनं विचारलं.

“समजूतदारपणा.”

“माझीही तीच.”

इथपर्यंत टीव्हीवर होतं. पुढे तिथे गाणं लागायचं. इथे काहीच लागलं नाही. समोरच्या गच्चीवर तीन बायका एकच टॉवेल वाळत घालत होत्या. वैदेहीला एकदम रडू येईलसं वाटलं. एवढं धाडस करून बोलायला मिळालं, आणि हा माणूस काही कळला नव्हता.

तेवढ्यात कठड्यावरून माकडं उतरली.

“आगो आई गो! पापड!” वैदेही ओरडली. तिनं पदर खोचला, कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि धावली. आमोदनं पायातला बूट काढून भिरकावला. तो माकडाला न लागता कठड्यावरून थेट रस्त्यावर गेला. एका मोठ्या हुप्प्यानं दात विचकले, तसा आमोद तिच्या पाठीमागे दडला.

“अहो, पुढे व्हा ना!”

“मला माकडांची भीती वाटते! लहानपणापासून!”

“मग पापड तरी उचला!”

त्यानं शर्टाचा ओचा करून पापड भरले, आमसुलांवर घसरून पडला, उठून पुन्हा भरले. तिनं काठी आपटत माकडांना शेजारच्या कौलांवर पिटाळलं. मग दोघं धापा टाकत खालीच बसली. आधी तिला हसू फुटलं, मग त्याला.

“आणखी कशाकशाची भीती वाटते?” तिनं विचारलं.

तो विचार करू लागला. “आत्याची. आणि ऑफिसात इंग्रजीतून फोन आला की त्याची. चक्क टॉयलेटला जाऊन उभा राहतो. कुणाला सांगू नका.”

“मला ठाण्याची वाटते,” ती म्हणाली. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

“मलाही वाटायची. पहिले कित्येक दिवस मी–”

“झालं का रे?” खालून आत्याची हाक आली.

खाली सगळे उभेच होते. धावपळ, आदळआपट, किंकाळी, सगळं त्यांच्या कानांवर आलं होतं. आता जिन्यातून वैदेही उतरली, केस सुटलेले, पदर खोचलेला. मागून आमोद, शर्टावर लाल डाग, एका पायात बूट नाही. विनीताबाईंनी तोंडावर हात ठेवला. मालिकेत असा अवतार झाला की त्याचा एकच अर्थ असायचा.

“माकडं आली होती,” आमोद म्हणाला.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

“तारीख आजच काढू या,” हरिभाऊ घाईघाईनं म्हणाले.

“काढाच. आता थांबायचं काम नाय,” म्हणत चंद्राबाईनं भाच्यावर डोळे वटारले. तो जिन्याच्या कठड्याला चिकटला.

हरिभाऊंनी घसा खाकरला. “वैदेही, होकार आहे ना तुझा?”

“ते नंतर सांगते, बाबा,” वैदेही म्हणाली आणि पुन्हा जिना चढायला लागली. “आमचं बोलणं आत्ता कुठे सुरू झालंय.”