हातभर जागा

होडीचं नाक भिंतीला लागलं आणि ती खांद्यावर घेऊन वाकलेली सगळी माणसं थांबली.

"मागे घ्या," आग्नेलो म्हणाला. होडी मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा पुढे नेली. नाक पुन्हा भिंतीला.

त्याच्या आजाची होडी, आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली. कित्येक वर्षं ती परसात उपडी पडली होती, तिच्यावर मासळी सुकत असे. सगळा उन्हाळा आग्नेलो आणि त्याचा मुलगा कॅल्विन तिच्यामागे होते. कुजलेलं लाकूड काढून नवं बसवलं, भेगांत कापूस आणि राळ ठासली, लाकडाला मुशी माशाचं तेल पाजलं. आज ती पाण्यात उतरायची होती. माहीमच्या रेतीवर फादर आशीर्वादासाठी येऊन थांबले होते, अर्धा कोळीवाडा जमला होता. आणि होडी गल्लीच्या वळणावर अडली होती.

भिंत आग्नेलोच्याच बाथरूमची होती. कॅल्विनच्या लग्नाआधी त्याने ती गल्लीत पुढे काढली होती. सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं. शेवटी होडीचं पुढचं टोक धरलेल्या विनीतला राहवलं नाही.

"अंकल, होडीला इथेच आंघोळ घालायची काय?"

हसू मागपर्यंत पोचलं. कॅल्विन खाली बघत राहिला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. हितेंद्रचं घर बरोबर वळणासमोर होतं. पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत, मागे थेट रेती. त्याने खाट भिंतीला उभी केली, शेगडी सरकवली आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "इथून काढा. नाहीतर भरती उतरेल."

याच दाराची पायरी हातभर गल्लीत येते, अशी तक्रार आग्नेलोने केली होती. पालिकेची माणसं आली आणि घण घालून पायरी फोडून गेली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

पुढची माणसं दाराशी येऊन घोटाळली. उंबरा गुडघ्याच्याही वर होता. खांद्यावर होडी घेऊन चढायचं कसं?

हितेंद्रची म्हातारी आई, कांताबाय, आतून स्टूल घेऊन खाली उतरली. ते तिने उंबऱ्याशी टेकवलं.

"यावर पाय द्या," ती म्हणाली. "मी यावरूनच चढते."

एकेक जण चढला. होडी देवांच्या फोटोखालून सरकत आत गेली. मागचं टोक धरलेला आग्नेलो तेवढा बाहेर उरला. त्याने पायानेच चपला काढल्या. स्टूल डुगडुगत होतं.

"कांताबाय..." त्याला हात जोडायचे होते, पण दोन्ही हातांत होडी होती.

आतून विनीतने हाक मारली, अंकल, चला.

"चढ रे," म्हातारी म्हणाली. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तिने स्टुलाचे पाय घट्ट धरले.