वरची ओळ

वडील अंघोळीला गेले आणि भावाने त्यांच्या संगणकावरची यादी उघडली. हवाईमार्गावरच्या खुणांची यादी. प्रत्येक खुणेला पाच अक्षरांचं नाव, आणि काही नावं जगात दोन-दोन ठिकाणी. वडील निवृत्त वैमानिक; संगणकावर घरबसल्या विमान उडवायच्या खेळासाठी त्यांनी अशा सगळ्या जोड्या स्वतः हुडकून काढल्या होत्या. जवळची खूण वर, लांबची खाली. त्या कामाला चार वर्षं लागली होती.

भावाने एका जोडीतल्या दोन ओळींची अदलाबदल केली.

"काय करतोयस?" बहीण दारात उभी होती.

"पैज त्यांनीच लावलीय ना? एक फेरी बिनचूक उडवली तर इथेच राहणार, चुकले तर वृद्धाश्रम. ते चुकणार नाहीत, ताई."

"मग राहू देत की. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय."

"डोकं चालतंय गं. पण रोज दोन बस बदलून इथे कोण येतं? मी?" त्याने फाईल बंद केली. "आश्रमवाल्यांनी खोली संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलीय."

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला. ती दारातून बाजूला झाली.

वडील ओल्या केसांनीच येऊन खुर्चीत बसले. "परीक्षक हजर का? माऊ, तू माझ्या उजवीकडे बस. को-पायलट. काही करायचं नाही, नुसतं शहाण्यासारखं दिसायचं."

भाऊ मागे उभा राहून कंट्रोल टॉवरच्या थाटात मार्ग सांगू लागला. चाळीस मिनिटं वडिलांचा हात कुठे अडखळला नाही. एकदा तर उंचीचा आकडा सांगताना भाऊच चुकला. वडिलांनी मागे न बघता त्याची चूक सुधारली आणि मुलीला डोळा मारला.

मग भावाने शेवटची खूण सांगितली. वडिलांनी पाच अक्षरं टाईप केली. पडद्यावर यादीतल्या क्रमाने एकाच नावाच्या दोन ओळी आल्या, प्रत्येकीपुढे बारीक आकड्यांत ठिकाण. आपल्याच घरातलं दिव्याचं बटण दाबावं तशी वडिलांनी वरची ओळ दाबली.

विमान डावीकडे कललं आणि वळतच राहिलं. धावपट्टी उजवीकडे होती. खालच्या कोपऱ्यात अंतर उमटलं : पाच हजार दोनशे मैल.

"हे कुठं निघालं?"

"तुम्हीच सांगा, कॅप्टन," भाऊ म्हणाला.

वडिलांनी उड्डाण थांबवलं. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. याआधी ते कधी भिंतीला हात लावत नसत.

भावाने बहिणीकडे बघितलं. कीबोर्ड तिच्यासमोर होता. तिने यादी उघडली, दोन्ही ओळी परत मूळ जागी नेल्या आणि फाईल बंद केली.

वडील परत आले. "यादी दाखवा बघू."

चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले. जवळची वर, लांबची खाली. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "म्हणजे मी खालची दाबली?"

"होतं असं, बाबा. या वयात..."

"तुला नाही विचारलं." ते मुलीकडे वळले. "माऊ, तू शेजारी होतीस. खालची दाबली मी?"

"हो, बाबा."

"आजच झालं असं?"

"नाही." ती पडद्याकडे बघत होती. "सहा-सात महिने झाले. काही ना काही चुकतंच तुमचं." एवढं बोलायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी चष्मा काढला. थोड्या वेळाने त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला.

"आणि तू एकटीच सगळं झाकत राहिलीस," ते म्हणाले. "मला सांगायचंस तरी, वेडाबाई."